सारखे दिसणारे हात

रविवार, २ फेब्रुवारी

ऑफिसकडून दरवर्षी एक डायरी मिळते आणि दरवर्षी ती मी कुणाला तरी देऊन टाकतो. या वर्षी ठेवून घेतली. मनात जे चाललंय ते बायकोला सांगण्यासारखं नाही, कारण ते तिच्याच माहेराबद्दल आहे.

आज सासूबाईंकडे जेवायला गेलो होतो. एकवीस वर्षं त्या घरातलं प्रत्येक यंत्र माझ्या हाताखालून गेलंय. सासऱ्यांना जन्मापासून ऐकू येत नसे. दाराची बेल दाबली की खोलीत दिवा लुकलुकेल ही जोडणी माझी. शिलाई मशीन माझ्याकडे, पंखे माझ्याकडे, आणि कॉम्प्युटरही माझ्याकडेच. मी झेरॉक्स मशीन दुरुस्त करतो, कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेलं नाही, पण शेवटी यंत्र ते यंत्र. बंद करून चालू करावं, काही काढावं, काही घालावं, सुधारतं.

तर आज धाकट्या मेहुणीच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या साडूने, एक काळी डबी आणून त्या कॉम्प्युटरला लावली. लग्नाला पाच महिने झालेत त्यांच्या. मोठ्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभागात नोकरी. मी मनातल्या मनात त्याला हुशारचंद म्हणतो. डबीत म्हणे सगळ्याची आपोआप नक्कल होत राहणार. "आई, तुमचा कोश आता सुरक्षित," म्हणाला.

हा कोश म्हणजे सासू-सासऱ्यांचा जन्मभराचा उद्योग. दोघांनी बहिऱ्या मुलांची छोटी शाळा चालवली आणि तिथे मुलांच्या सोबतीने हातांच्या ज्या खुणा तयार झाल्या त्यांचे फोटो काढून ठेवले. एक हजार सहाशे नऊ फोटो. सगळ्यांत हात सासऱ्यांचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून सासूबाई रोज सकाळी बसून एकेका फोटोचा अर्थ टाइप करतात.

डबीचा निळा दिवा लागला तशा सासूबाई त्याला म्हणाल्या, "चल, तू आधी जेवून घे."

तू. पाच महिन्यांत. मला एकवीस वर्षांनंतरही 'तुम्ही बसा, तुम्हाला काय वाढू'.

भाजी खारट लागली. बाकी कुणाला लागली नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गुरुवारी दुपारी माझं त्या भागात काम असतं, तेव्हा सासूबाईंकडे डोकावतो. पूर्वी सासऱ्यांबरोबर बुद्धिबळाचा डाव व्हायचा. हरायला लागले की ते दोन्ही हातांनी माझ्या चालींची इतकी निंदा करायचे की माझं खेळात लक्ष राहायचं नाही, आणि मग जिंकायचे.

आज कॉम्प्युटर हळू चालत होता. डबीचा दिवा सारखा लुकलुकत होता, डोळे मिचकावल्यासारखा. तिच्यामुळेच असणार. सासूबाई आत होत्या. टेबलाखाली वाकून वायर काढली आणि डबी कपाटाच्या खालच्या खणात, शिलाईच्या सामानामागे ठेवून दिली. यंत्र जरा हलकं झाल्यासारखं वाटलं.

सासूबाईंना सांगायचं राहून गेलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना हिला म्हणालो, "तुझी आई त्याला तू म्हणते."

"मग?"

"मग काही नाही. मला तुम्ही म्हणते."

ही हसली. "तुम्हालाही पहिल्या वर्षी एकदा तू म्हणाली होती. तुम्ही ताटावरून उठलात. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला."

मला हे अजिबात आठवत नाही. पोट बिघडलं असेल त्या दिवशी.

रविवार, १६ फेब्रुवारी

सासऱ्यांचा जुना फोन दोन वर्षं बंद पडून होता. मी दोनदा खटपट केली होती, बॅटरीही बदलून पाहिली होती. मध्यंतरी हुशारचंद तो घेऊन गेला. आज धावतच आला. कुणा मित्राच्या दुकानात फोन जागा झाला होता, जेमतेम धुगधुगी धरून होता, म्हणून तसाच उचलून आणला. वायर लावली आणि आतले फोटो थेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. एकतिसावा फोटो आला आणि फोनचा पडदा काळा झाला तो झालाच.

हे फोटो हॉस्पिटलातले. शेवटच्या आजारात सासऱ्यांच्या लक्षात आलं की कोशात दवाखान्याचे शब्दच नाहीत. सलाइन, भूल, श्वास रोखून धर, थोडं दुखेल. शाळेतली मुलं आजारी पडली तर त्यांना कोण काय सांगणार? मग पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी नव्या खुणा बनवायला घेतल्या. सकाळी तिथे सासूबाई असायच्या, संध्याकाळी नोकरीवरून ही, आणि दुपारी मी. नवी खूण ते माझ्यावर तपासून बघायचे. मला न सांगता कळली तर पक्की. मग मी त्यांच्याच फोनवर फोटो काढायचो.

आज सगळे पडद्याभोवती उभे होते. ही रडली, धाकटी रडली. सासूबाईंनी हुशारचंदच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. हे फोटो काढले कुणी, असं कुणी विचारलं नाही.

"दादा, डबी चालू आहे ना?" त्याने मला विचारलं. "यांची दुसरी कॉपी कुठेच नाही."

"चालू आहे," मी म्हणालो.

का म्हणालो कोण जाणे. सगळ्यांदेखत कपाटातून डबी काढायची म्हणजे शोभाच. गुरुवारी गुपचूप लावून टाकतो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सासूबाई म्हणाल्या, "दोन फोटो शेजारी शेजारी मोठे दिसले तर बरं होईल. बोटांमधला फरक नीट कळेल."

माझ्याकडे मागितलं, त्याच्याकडे नाही. दहा मिनिटांत शोधून काढलं. फोटो बघायचा प्रोग्राम, तोही फुकट. नुसते मोठे करून दाखवत नाही, रंग उजळतो, कडेने चौकट घालतो. उतरवून घेताना बरेच प्रश्न विचारत होता, हेही हवं का, तेही घालू का. सगळीकडे बरोबरच्या खुणा आधीच केलेल्या होत्या. आपण आपलं पुढे, पुढे, पुढे.

"छान दिसतंय हो," सासूबाई म्हणाल्या. हुशारचंदला हे सुचलं नव्हतं.

डबी लावायची राहिली. खरं लिहायचं तर राहिली नाही. वाकलो होतो, खण उघडला होता, डबी दिसत होती. तेवढ्यात हुशारचंदच्या डोक्यावरचा सासूबाईंचा हात आठवला. खण लावून टाकला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सासूबाईंचा फोन. कॉम्प्युटरवर जाहिराती यायला लागल्यात. एक मिटवली की दोन उगवतात. घोरणं थांबवा. टकलावर केस उगवा. कोपऱ्यातून एक बाई येते आणि सांगते, मी तुमच्या जवळच राहते. मध्येच अभिनंदन, तुमची निवड झाली आहे.

"मी कुठे उभी राहिले होते निवडून यायला," सासूबाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "धाकट्या जावयाने तो जुना फोन जोडला होता ना, त्यातून काहीतरी शिरलं असेल."

 त्या म्हणाल्या, "असेल."

हिलाही तेच सांगितलं. मेहुणीलाही फोन करून सांगितलं. कुणाला दोष द्यायचा म्हणून नाही, माहीत असावं म्हणून.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

रविवारी हुशारचंद येणार. त्याआधी कॉम्प्युटर लख्ख करून ठेवायचा असं ठरवूनच गेलो होतो. सासूबाई शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेल्या होत्या. किल्ली माझ्याकडे असतेच.

बसतो न बसतो तोच पडद्यावर लाल चौकट आली. सावधान, एकसारख्या आणि निरुपयोगी एक हजार एकशे अठ्ठावीस फायली सापडल्या आहेत, आत्ताच साफ करा. हे सफाईचं साधन त्या फोटोच्या प्रोग्रामबरोबरच आलेलं दिसतं. एकावर एक फुकट. एवढा कचरा साठल्यावर यंत्र कुथणारच.

बटण दाबलं. हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली, पार टोकाला पोहोचली. तुमचा कॉम्प्युटर आता निरोगी आहे. जाहिराती काही थांबल्या नाहीत, पण यंत्र पळायला लागलं एवढं नक्की.

आता येऊ दे त्याला.

रविवार, २ मार्च

"हात नाहीत," सासूबाई सकाळी फोनवर एवढंच म्हणाल्या.

आम्ही पोहोचलो तेव्हा हुशारचंद आधीच कॉम्प्युटरसमोर बसला होता. कोशात पाचशे बारा फोटो उरले होते.

"सफाईच्या प्रोग्रामने सारखे दिसणारे फोटो पुसलेत," तो हळू आवाजात सांगत होता. "मागे तीच भिंत, तोच शर्ट, तेच हात. त्याला वाटलं एकच फोटो पुन्हा पुन्हा ठेवलाय. प्रत्येक गठ्ठ्यातला एक ठेवला, बाकीचे काढून टाकले."

सासूबाईंनी उजवा पंजा पुढे धरला, अंगठा बाहेर. "हे थांब." मग अंगठा आत घेतला. "हे वाट बघ." पंजा तसाच धरून त्यांनी स्वतःच त्याच्याकडे बघितलं. "सारखेच दिसतात खरे."

पुसलेलं परत येतं का ते त्याने करून पाहिलं. आलं नाही, सफाईवाल्याने जागाही घासून काढली होती. "काळजी करू नका, डबी आहे," म्हणत तो टेबलाखाली वाकला. डबी नव्हती.

मी कपाटाचा खण उघडला, शिलाईच्या सामानामागून डबी काढली आणि त्याच्या हातात दिली.  "मी काढून ठेवली होती," एवढंच निघालं तोंडातून.

तिच्यात सहा फेब्रुवारीपर्यंतचं सगळं होतं. एक हजार सहाशे नऊ फोटो एकेक करून परत आले. ही उठून माझ्याजवळ आली. "तुम्ही काढून ठेवलीत म्हणून वाचले. नाहीतर त्या सफाईत डबीही धुऊन निघाली असती."

"तुम्ही होतात म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

धाकटी नवऱ्यावर घसरली. "आणि तू म्हणे सगळं सुरक्षित करून दिलं होतंस."

हुशारचंदने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, मग मिटलं. "चुकलं माझं," म्हणाला आणि पडद्याकडे वळला.

नंतर तासभर तो नको ते प्रोग्राम एकेक करून उपटत होता. फोटो बघायचा, सफाईचा, हवामान सांगणारा, खरेदी सुचवणारा, सगळे एका माळेचे मणी. यादीत प्रत्येकासमोर तारीख होती. मी त्याच्या मागे उभा होतो. "वीस फेब्रुवारी," तो पुटपुटला. मग पुढचा उपटायला घेतला.

हॉस्पिटलातल्या एकतीस फोटोंपैकी एकच उरला होता, सलाइनचा. बाकीचे तीस डबीत नव्हतेच, ते नंतरचे. सासूबाईंनी विचारलं, त्याने नुसती मान हलवली. "असू दे," त्या म्हणाल्या. "जेवून घ्या सगळे."

आज पहिलं ताट माझं वाढलं.

मंगळवार, ४ मार्च

हिने शेजारी, ऑफिसात, मावशीला, सगळीकडे सांगून झालंय. 'आमच्या यांनी वेळीच डबी काढून ठेवली.' मीही आता तसंच सांगायला लागलोय. दूरदृष्टी म्हणा काही. कॉम्प्युटर शिकून येते ती वेगळी आणि ही वेगळी.

धाकटी नवऱ्याशी नीट बोलत नाही असं कळलं. वाईट वाटायला हवं. थोडं वाटलं.

हिने भांडी आवरता आवरता विचारलं, "डबी काढलीत कधी तुम्ही?"

"आठवत नाही."

"जाहिराती सुरू व्हायच्या आधी की नंतर?"

मी पेपर उघडला. कालचा होता.

शुक्रवार, ७ मार्च

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हॉस्पिटलातून तक्रार आली, रेकॉर्डच्या खोलीतलं झेरॉक्स मशीन कागद गिळतंय. साडूचंच हॉस्पिटल, सासरे शेवटी होते तेही हेच. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण मीच गेलो. वाटलं, बघू तरी साहेब कामावर कसे दिसतात.

मशीन उघडून बसलो होतो. पलीकडच्या टेबलापाशी तो नव्याने रुजू झालेल्या कारकूनबाईंना समजावत होता. त्याची माझ्याकडे पाठ होती. "अशी डबी कायम जोडलेली ठेवायची. कॉम्प्युटरवरचं पुसलं गेलं तरी ही पुसत नाही, जुनं बाजूला जपून ठेवते. पण काढून ठेवलीत तर त्या दिवसानंतरचं काहीच मिळणार नाही."

माझ्या हातात रोलर होता, तो तसाच हातात राहिला. म्हणजे डबी जागेवर असती तर तीसच्या तीस फोटो परत आले असते. मी काही वाचवलं नव्हतं. मी घालवलं होतं, आणि पहिलं ताट खाऊन आलो होतो.

काम संपवून त्याला चहाला घेऊन गेलो. कँटीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल मिळालं.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. कशाबद्दल, असं विचारलं नाही. "हो."

"प्रोग्रामचंही?"

"वीस तारीख, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. गुरुवारी दुपारी तिथे तुम्हीच असता, दादा."

"मग बोलला का नाहीस? बायकोच्या शिव्या खाल्ल्यास."

तो चमचा ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली असणार. "खरं सांगू? त्या घरात जेवताना आई तुमच्याशी हातांनी काहीतरी बोलतात. तुम्ही हसता, ताई हसतात, हीसुद्धा हसते. आणि मी ताटाकडे बघत बसतो. बाबांना तर मी पाहिलंही नाही. वाटलं, निदान तो कॉम्प्युटर तरी आपला असावा. म्हणून डबी आणली, म्हणून फोनच्या मागे लागलो. तुमच्या जागेवरच डोळा होता माझा. मग तुम्हाला कुठल्या तोंडाने पाडायचं सगळ्यांसमोर?"

जेवताना आम्ही हातांनी बोलतो हे माझ्या लक्षातही आलेलं नव्हतं. ज्याच्यावर मी जळत होतो तो माझ्यावर जळत बसला होता, आणि मला त्याचा पत्ता नाही.

त्याच्यासाठी गलबलून यायला हवं होतं. मला राग आला. माणसाने इतकं चांगलं असू नये. समोरच्याला उभं राहायला जागा उरत नाही.

चहा त्यानेच पाजला.

शनिवार, ८ मार्च

सकाळी हिला सगळं सांगितलं. डबी, खोटं बोललो ते, फुकटचा प्रोग्राम, लाल चौकट. हिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मी संपवल्यावर म्हणाली, "माझ्या बाबांचे हात होते ते."

मग आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. तासाभराने दारात येऊन म्हणाली, "आईला तुम्ही सांगायचं. मी बरोबर येणार नाही."

रविवार, ९ मार्च

एकटाच गेलो. सासूबाईंनी पाणी दिलं. मी ग्लास हातात धरूनच बोललो. घरून वाक्यं जुळवून नेली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने सांगत गेलो.

"पण डबी का काढलीत?" त्यांनी विचारलं.

"हळू चालत होता."

त्या बघत राहिल्या.

"त्याने आणली होती म्हणून," मी म्हणालो.

मला वाटलं होतं, चिडतील. किंवा म्हणतील, होतं असं. त्या उठल्या आणि कॉम्प्युटरवर कापड घातलं. "आज तुम्ही जा," म्हणाल्या. दरवाजा उघडून धरला. मी चपला घालेपर्यंत तशाच उभ्या होत्या, खाली बघत.

जिन्यात मेहुणीला फोन लावला आणि तिलाही सांगितलं. तुझ्या नवऱ्याची चूक नव्हती. ती म्हणाली, "मला काल रात्रीच सांगितलं त्याने. तुम्ही सांगेपर्यंत आईला सांगू नकोस म्हणाला." पुन्हा त्याचा तोच चांगुलपणा.

गुरुवार, १३ मार्च

तिकडचं काम दीडलाच संपलं. सासूबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर उभी केली, पाच मिनिटं थांबलो आणि परत फिरलो. तोच फोन आला.

"कुठे आहात?"

"इथेच जवळ."

"या मग."

टेबलापाशी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या होत्या. कॉम्प्युटरवर कापड तसंच होतं. त्यांच्या हातात वही होती. "राग गेला नाही माझा," त्या म्हणाल्या. "पण मी बसून विचार केला. ते फोटो काढले तुम्ही. खुणा त्यांनी तपासल्या तुमच्यावर. त्या मला दाखवल्याच नाहीत, म्हणायचे सगळ्या झाल्या की दाखवतो. फोटोंचे अर्थ लिहायच्या आतच ते गेले, आणि खुणा होताना तुमच्याशिवाय कुणी बघितलेल्या नाहीत. आठवतायत का?"

मी म्हणालो, नाही आठवणार.

"डोक्याला नका विचारू. हात उचला."

उचलले. पहिली पाच मिनिटं काही नाही, नुसता हवेत हात. मग भूल आठवली. ती खूण करताना सासरे डोळे अर्धे मिटायचे आणि मी घाबरायचो. ते मुद्दाम जास्तच वेळ मिटून ठेवायचे आणि मग एक डोळा उघडून बघायचे. हे सांगितल्यावर सासूबाई हसल्या, मग तोंडावर पदर धरला. भुलीमागून श्वास रोख आली. तिच्यामागून थोडं दुखेल. चुकलो की मला कळत होतं, कारण ते मान नाही म्हणून हलवतायत असं दिसत होतं. सासूबाई वहीत रेघांनी हात काढत होत्या आणि खाली अर्थ लिहीत होत्या.

चार वाजता थांबलो. तीसपैकी एकोणीस.

"बाकीच्या?" त्यांनी विचारलं.

"आठवल्या तर रविवारी."

"आठवल्या तर कसं? हॉस्पिटलात जाऊन बसा त्या वॉर्डाबाहेर. आठवतील."

रविवार, २३ मार्च

खरंच बसलो होतो वॉर्डाबाहेरच्या बाकावर, तीन दिवस दुपारी. साडू अधूनमधून येऊन शेजारी बसायचा, काही विचारायचा नाही. तिथे आणखी सहा मिळाल्या. एकूण पंचवीस. पाच गेल्या त्या गेल्या. त्यातल्या एका खुणेत कपाळाला हात लावायचा होता एवढं नक्की आठवतं, पण कशाबद्दल होती ते नाही.

आज सगळे जमलो होतो. आधी कॉम्प्युटरचा बंदोबस्त झाला. साडूने दोन खाती करून दिली. रोजच्या खात्यातून फक्त काम होईल. नवीन काही घालायचं तर वेगळा पासवर्ड लागेल. फुकटची वस्तू उतरवताना आधीच केलेल्या खुणा एकेक करून काढायच्या, लाल चौकटी घाबरवायला लागल्या की कशावरही बोट ठेवायचं नाही, नुसतं बंद करायचं, हे त्याने सासूबाईंना करून दाखवलं. आणि डबीला कुणी हात लावायचा नाही. पासवर्ड कुणाकडे ठेवायचा, हा प्रश्न उरला.

"माझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही जावयांना परवानगी मागावी लागेल." धाकटी इतकी हसली की तिला ठसका लागला. हीसुद्धा हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

मग फोटो. पंचवीस खुणा, हात माझे. सासऱ्यांची बोटं लांब होती, माझी आखूड आणि झेरॉक्सच्या शाईने काळवंडलेली, कितीही घासली तरी नखांच्या कडा राहतातच. मी म्हणालो, कोशात हे बरं दिसणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "मुलांना खूण बघायची आहे, नखं नाहीत." कॅमेरा साडूकडे होता. प्रत्येक फोटो काढायच्या आधी ती खूण तो स्वतः करून बघत होता, अर्थ विचारून घेत होता.

तिसरी की चौथी असेल, श्वास रोखून धरची. अवघड आहे, दोन्ही हातांची बोटं वेगवेगळी वळवावी लागतात. मला ती शिकायला दोन दुपारी गेल्या होत्या आणि सासरे कपाळ बडवून घ्यायचे. साडूने एकदा बघितली, कॅमेरा खाली ठेवला आणि केली. जशीच्या तशी.

"वा," सासूबाई म्हणाल्या.

मला त्यांनी कधी वा म्हटल्याचं आठवत नाही.  हे जळणं काही जायचं नाही माझ्याकडून, निदान इथे तरी कबूल करून टाकतो.

उठून त्याच्यामागे गेलो आणि त्याचं कोपर धरून दोन बोटांइतकं खाली घेतलं. ते खरोखरच वर होतं. मी नीट बघितलं होतं.